किल्ल्याचे दार आणि कुसुमबाई

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरगावला आमच्या काजूच्या बागेत होतो. पलीकडून बाईंचे यजमान होते. "सर, कुसुम गेली…" एवढेच म्हणाले आणि फोन ठेवला. अशा वेळी माणसाला रडू यावे, निदान खाली बसावेसे वाटावे. मला चीड आली. बोंडे वेचणाऱ्या बायकांवर उगाच खेकसलो, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. चीड कशाची, हे आज काही आठवडे उलटूनही नीट सांगता येत नाही. त्याच्या आधल्याच रविवारी तर बाईंच्या डिचोलीच्या घरी जाऊन आलो होतो. सोप्यावर बसवून त्यांनी चहा दिला आणि चहाबरोबर तोच प्रश्न विचारला, जो त्या मला इतकी वर्षे विचारत आल्या होत्या. मी नेहमीसारखे "सोडा हो बाई" म्हटले आणि स्कूटरला किक मारली.

सुर्ल्याच्या बाजूला, गोव्यातल्या खाणींच्या पट्ट्यातल्या एका शाळेत आम्ही दोघे नोकरीला होतो. त्या मराठी शिकवायच्या, मी पीटीचा मास्तर. दोघेही मूळचे पेडण्याचे, म्हणून स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी घरच्या बोलीत बोलत आणि मुख्याध्यापक आले की झटकन शुद्ध मराठीवर येत. दहावीला त्या काळी एक जुने शोकनाटक होते. एक किल्लेदार राजाला वचन देतो, की सूर्य मावळल्यावर किल्ल्याचे दार कोणासाठीही उघडणार नाही. शत्रू वेढा घालून बसलेला. अशात त्याचाच मुलगा जखमी होऊन दाराशी येतो, हाका मारतो, आणि बाप दार उघडत नाही. सकाळी दाराबाहेर मुलाचे प्रेत… संपले नाटक. मी बाईंना म्हणायचो, "धडधाकट पोरांना हे मरणबिरण कशाला शिकवता? त्यापेक्षा मला तो तास द्या, खोखो खेळतील." बाई म्हणायच्या, "तुज्या खोखोत बाद झालेलो पोर परत खेळाक येता. हय येना नाय. ता तेंका कळूक होया."

पण पोरांना ते कळता कळत नसे. पोरे दशावतार बघत वाढलेली. दशावतारात रात्रभर कितीही राक्षस माजले तरी पहाटेपर्यंत देव येतो, राक्षस मरतो, दहीहंडी फुटते आणि माणसे सुखाने घरी जातात. त्यामुळे बाईंनी पाचवा अंक संपवला की मागच्या बाकावरून हमखास विचारणा व्हायची, "बाई, देव केन्ना येतलो?" देव येत नाही, असे बाई सांगत. पोरांचा विश्वास बसत नसे. त्यांना वाटे, उरलेले पान पुढच्या वर्गात असणार. एका वर्षी तर एकाने पेपरात नारद आणून मुलगा जिवंत केला. बाईंनी त्याला गुण दिले नाहीत, पण उत्तर मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवले.

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षीची ही गोष्ट. भाषेच्या वादाने माणसे हैराण झाली होती. रस्ते अडवून झाले होते, घराघरांत अबोला आला होता. बाई मराठी नाटक कोंकणीतून समजावून सांगत, म्हणून दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर रागावलेले. बाईंना त्याचे काही नव्हते. त्यांच्या डोक्यात एकच होते, यंदा स्नेहसंमेलनात पाचवा अंक करायचा, आणि आहे तसा करायचा. किल्लेदाराच्या भूमिकेसाठी त्यांनी सरिताला निवडले. सरिता सावंतवाडीकडची. तिचे वडील खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. पावसाळ्याआधी त्यांचा ट्रक खाणीच्या उतारावरून घसरला आणि ते गेले. पोरगी तेव्हापासून वर्गात तोंड उघडत नव्हती. किल्लेदाराची वाक्ये मात्र तिने अशी म्हटली की वर्ग गप्प झाला. मी बाईंना म्हटले, विचार करा. त्या म्हणाल्या, केलाय.

संमेलन देवळाच्या मांडवात. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष रामा शेट तालमीला येऊन बसले आणि शेवट बघून उठलेच. देवासमोर प्रेत नको, शेवटी एखादा देव आणा, असा त्यांचा हेका. "देवा मुखार मडें? बाई, तें जावपाचें ना. शेवटाक एक देव हाड, कितें वता तुजें?"

ते पोरांशी खोटे बोलणे होईल, असे बाईंचे मत. त्या शांतपणे म्हणाल्या, "देव हाडलो जाल्यार ह्या भुरग्यांक फट मारिल्ली जातली."

हा वाद मुख्याध्यापकांपर्यंत गेला. बाईंनी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा कुठे मिटला. देव येणार नाही असे ठरले. बाई जिंकल्या म्हणून मी त्यांना बिस्किटे आणली, आणि त्यांनी ती तालमीतल्या पोरांना वाटून टाकली.

संमेलनाच्या दिवशी मांडव भरलेला. पडद्याची दोरी माझ्या हातात. सरिताने कोळशाने मिशी काढलेली, कमरेला लाकडी तलवार. बाहेरून मुलगा हाका मारू लागला, "बाबा, दार उघडा… बाबा, मी आहे." तिसऱ्या हाकेला किल्लेदाराने पाठ फिरवायची होती. सरिताने फिरवली नाही. ती सरळ पुढे गेली आणि तिने पुठ्ठ्याचे दार उघडले. बाहेर कुंकवाचे रक्त लावून मरायच्या तयारीत उभा असलेला पोर गोंधळला. मरावे तर कुठे, हे त्याला कळेना. सरिताने त्याचा हात धरून त्याला आत आणले, आपल्या आसनावर बसवले. रामा शेट पहिल्या रांगेतून ओरडले, "देव पावलो!" आणि मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. मी घाईघाईने पडदा सोडायला गेलो तर बाईंनी माझे मनगट धरले. "रव," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात पुढचा धडा घेतला. सरिताला एका अक्षराने विचारले नाही, रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. विचारायच्या त्या मला. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असताना, आणि त्या शेवटच्या रविवारी. "गुरुदास, तिका तो पार्ट देवक नको होतो काय रे? बापूस गेलेला पोर ता. माज्या हट्टापायी मी तेका तिठय उभा केलंय." मी कधी थट्टा केली, कधी समजूत घातली. त्यांच्या मनातून तो प्रश्न काही केल्या जाईना.

बाराव्याला सरिता आली. आता पन्नाशीला टेकलेली, आमोण्याला दिलेली, तिथल्याच शाळेत मराठी शिकवते. जेवणे उरकल्यावर मी तिला सोप्यावर गाठले आणि न राहवून विचारले, "दार का उघडलंस गो तेव्हा?"

ती जराही दचकली नाही.

"सर, बाबा गेल्याचं आजीला आम्ही सांगितलं नव्हतं. तिचं काळीज कमकुवत. बाबा ट्रक घेऊन लांब कर्नाटकात लायनीवर गेलेत, असंच सांगायचो. तिच्यासमोर रडायची सोय नव्हती. रोज तिन्हीसांजेला आई दाराला कडी घाली आणि मुलाची वाट बघणारी आजी आतून ओरडे, 'कडी घालू नको गो, माजो झील येतलो.' रोज… त्या दिवशी बाहेरून खरंच कोणीतरी हाका मारत होतं. माझ्याच्याने कसं राहवणार?" मग म्हणाली, "त्या रात्री घरी जाऊन मी आजीच्या कुशीत शिरून रडले. तिने काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आई कडी घालायची तेव्हा आजी गप्प राहायची. बाईंनी मला तो पार्ट दिला नसता तर मला वाटतं आम्ही सगळीच त्या घरात वेडी झालो असतो."

"हे बाईंना का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बाईंनी कधी विचारलंच नाही, सर. मला वाटलं, मी त्यांचं नाटक बिघडवलं म्हणून त्या दुखावल्यात. मग मीही धीर केला नाही."

दोघी एकाच तालुक्यात राहत होत्या. बाजारात भेटत, बरे आहे ना विचारत, आणि एकमेकींना जपत पुढे जात.

रविवारी अजून माझे पाय तिकडे वळतात. परवाही गेलो. यजमानांनी चहा केला, त्यांना तो जमत नाही, साखर फार पडते. आम्ही सोप्यावर बसलो. बाईंची जागा भिंतीकडची, तिथे कोणी बसत नाही. चहा संपला तरी मी उठलो नाही. त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून मी हलक्या आवाजात सगळे सांगून टाकले, कडीचे, आजीचे, सगळे. यजमान ऐकत होते. सांगून झाल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "आणि एकदा सांगा."