तेलाचा लाल दिवा

मार्चमध्ये अण्णा, माझे वडील, गेले. त्यांची गाडी तेव्हापासून जयनगरच्या घरासमोर उभी होती. सुरू झाली नाही तर भंगारात द्यायची, असं भावाने ठरवलं. काल मी बॉनेट उघडलं आणि तेलाच्या वासाबरोबर लहानपणची एक सकाळ परत आली.

आम्ही महिन्याने गावाहून परतलो होतो. इंजिन पेटू नये, नुसतं फिरावं म्हणून अण्णांनी कॉइलची वायर काढली आणि चावी मला दिली.

"तेल खाली उतरलंय. वर चढू दे. स्वल्प फिरव आणि समोरचा तेलाचा दिवा विझतो का बघ."

आई दारातून म्हणाली, "गाडी काढताय की तिला कॉफी पाजताय?"

"अण्णा, तेल चढताना ऐकू येतं?" मी विचारलं.

"नाही ग. घाई केली, तर नंतर इंजिनच ऐकवतं."

लाल दिवा विझला. मग त्यांनी वायर लावली.

न दिसणाऱ्या गोष्टीसाठी थांबायला ते कुठे शिकले असतील, हे मला आज विचारावंसं वाटतं.

काल मीही वायर काढली, चावी फिरवली आणि दिवा विझेपर्यंत थांबले. वायर लावल्यावर गाडी सुरू झाली. आता ती माझ्याकडे आहे.