काळ्यानिळ्या बशीतलं कोरं वर्तुळ
आयोडिनची बाटली उघडली की मला नाशिकच्या कॉलेजची लॅब आठवते आणि कुठूनतरी झेंडूचा वास येतो. आई आमच्या गावाहून, सायखेड्याहून, फुलं घेऊन मार्केटला यायची आणि फुलं संपली की मला भेटायला लॅबच्या दारात उभी राहायची. एकदा तिला आत बोलावलं. आमच्याच शेतातल्या मातीतले जिवाणू मी खळ, म्हणजे स्टार्च, घातलेल्या काचेच्या बशीत वाढवले होते. आयोडिन ओतलं तशी बशी काळीनिळी झाली, फक्त जिवाणूंभोवती, जिथली खळ संपली होती तिथं, कोरं वर्तुळ राहिलं. “ह्यांना तोंड नाही,” मी सांगितलं, “म्हणून खळ फोडणारं प्रथिन आत बनवतात आणि अंगावरच्या पातळ पडद्यातल्या छिद्रातून बाहेर सोडतात, सरळ दोऱ्यासारखं. त्याची घडी बाहेर गेल्यावर बसते.” “सुईत ओवल्यावानी,” जन्मभर हार केलेली आई म्हणाली. मग वाकून बघतच राहिली. “बाहेर गेलेलं माघारी येतं का गं?” “नाही. त्यानं फोडलेली साखर तेवढी आत येते.” पुढच्याच आठवड्यात मी शिकायला बंगळुरूला निघणार होते. आई पदराला हात पुसून स्टँडकडे गेली. मी अजून इकडे बंगळुरूलाच आहे. दिवाळीला मी पाठवलेलं पार्सल तेवढं दरवर्षी वेळेवर घरी पोचतं.