करीमचाचांचा कान

करीमचाचा इंजिन डोळ्यांनी तपासत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कामरगावच्या स्टँडजवळच्या त्यांच्या गॅरेजात तेव्हा कोणी तोंड उघडलं, की म्हणायचे, "गाडी बोलून राह्यली न बावा. तू कायले बोलतं?"

दारात त्यांची जुनी पांढरी अँबेसिडर उभी असे. मागच्या सीटवर लाल मखमल. चपला काढल्याशिवाय जावयालाही आत प्रवेश नव्हता. माझ्या वडिलांनी मळ्यातली भाजी वाहायला नवी पिकअप घेतली, तेव्हा मी घरात भांडलो. जे यंत्र आपल्याला उघडून दुरुस्त करता येत नाही ते आपलं नसतंच, असं पत्रक छापून मी गावभर वाटलं. चाचांनी ते शेवटपर्यंत वाचलं, त्याला हातांचं ऑइल पुसलं आणि म्हणाले, "माही गाडी चार मानसं नेते. तुह्या बापाची आखं वावर नेते. राग कोनावर करतं?"

एका सकाळी मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भरून आम्ही कारंज्याच्या बाजाराला निघालो. स्टँडपाशीच पिकअपच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीवर आली. सातची हर्राशी, म्हणजे भाजीचा लिलाव, चुकली, तर पालेभाजी ढोरांपुढेच टाकावी लागणार होती.

चाचांनी कान लावला. पुन्हा लावला. चहाचे ग्लास घेऊन जीपवाले भोवती जमले. दुसरा मिस्त्री असता, तर दोन नट फिरवून पार्ट मागवावा लागेल म्हणाला असता. खरं सांगतो, चाचांनीही तसंच काही म्हणावं असं मला वाटत होतं. त्यांनी बॉनेट बंद केलं.

"मले नाई समजत. जुनी गाडी दुखलं तं कन्हते. हे लाइट लावते अन् चूप बसते."

कान गेले म्हणायचे चाचा, असं एक जीपवाला हसत म्हणाला. चाचांनी शांतपणे मान डोलावली. सगळ्यांसमोर कारंज्यातल्या आपल्या जुन्या शागिर्दाला फोन लावला आणि मला जमलं नाही, गाडीतला बिघाड सांगणारं तुझं मशीन घेऊन ये म्हणाले. मग अँबेसिडरचं दार उघडून ओल्या जुड्या मखमलीवर रचू लागले. वडील संकोचून मखमलीचं बोलले, तर म्हणाले, "सांबारानं चपला घातल्या का?"

हर्राशी मिळाली. मखमलीवरचे हिरवे डाग मात्र कधी गेले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी चाचा बसने कारंज्याला जात आणि शागिर्दाच्या शेजारी स्टुलावर बसून ते मशीन शिकत. यंदाच्या उन्हाळ्यात ते वारले. ते पत्रक मी पुन्हा छापलं नाही. आमच्या पिकअपचा दिवा त्यांच्या हयातीत आणखी एकदा लागला होता. चाचा मशीन घेऊन आले, पिकअपचं दार उघडलं, चपला खाली काढून ठेवल्या आणि मगच आत बसले.