मास्तर माझ्या खुर्चीत

आमचे मास्तर म्हणजे टेलर. त्यांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, आम्ही दोघं वर्षानुवर्षं बुद्धिबळ खेळतो. दुकानाचा एक नियम आहे. ‘माझा डाव गेला’ असं जो कुरकुरेल, त्यानं उठून समोरच्या खुर्चीत बसायचं. मग समोरच्यानं तोच डाव सावरून दाखवायचा. आम्ही इतक्यांदा जागा बदलतो, की शेवटी कोण हरलं हे मास्तरांच्या सुनेला विचारावं लागतं. ती म्हणते, मला काय ठाऊक, चहा दोघांनीही प्यायला.

परवा ज्येष्ठांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत नेमके आम्हीच समोरासमोर आलो. जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात. मास्तर दरवर्षी त्या जागेच्या उंबरठ्यावरून परततात. आता तर सुई ओवायलाही त्यांना सून लागते. पुढच्या वर्षी उंट आणि प्यादं वेगळी दिसतील का, ही धास्ती.

त्यांची पांढरी, माझी काळी. डाव अडकला. मास्तर सुस्कारा टाकून तोंड धुवायला गेले. चाल माझी होती, पण काही सुचेना, म्हणून मीही पाणी प्यायला उठलो. परतलो तर मास्तर माझ्या खुर्चीत. मी सवयीनं त्यांच्या खुर्चीत बसलो. खरं सांगतो, काही वावगं वाटलंच नाही. त्यांनी काळा घोडा असा आत घुसवला, की माझ्या पांढऱ्या राजाला वाटच उरली नाही. संपलं, आपण हरलो.

तेवढ्यात पंचबाई आल्या.

“आजोबा, पांढरी तुमची होती ना?”

“हो,” आम्ही दोघंही म्हणालो.

बाईंनी कपाळाला हात लावला. बराच घोळ निस्तरून त्यांनी आम्हाला आपापल्या जागी बसवलं, घोडा मागे ठेवला आणि मला चाल करायला सांगितलं. आता ती चाल मला ठाऊक होती. खेळली तर चोरी, टाळली तर मास्तरांना भीक घातल्यासारखं. डोकं चालेना. माझा हात प्याद्याकडे वळला.

“त्याला हात लावलात तर दुकानाची पायरी चढू नका,” मास्तर पुटपुटले.

बाईंनी डोळे वटारले. मी घोडा उचलला. मास्तरांनी पट खूप वेळ न्याहाळला, राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

“अभिनंदन,” मी म्हणालो. तेही तेच म्हणाले.

संघात माझं नाव लागलं. पण तेव्हा कोण कोणाचं अभिनंदन करत होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.