पळणाऱ्या मोटारीला चालायला शिकवताना

बॉनेटच्या फटींतून वाफ निघायला लागली तशी बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. कारखान्याच्या गेटपासून कँटीनपर्यंतसुद्धा गाडी पोचली नव्हती. आमचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, मागच्या सीटवर उभे होते. ते खाली उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि माझ्याकडे बघितलं.

'मॅडम, हिला काय दुखतंय?'

मी काही म्हणायच्या आत गाडीचे मालक बोलले. रशीदभाई, धर्मापुरीकडचे बँडवाले. 'आबा, पळवली तर लई मस्त पळती. चालवली की मरती.'

माझ्या अख्ख्या नोकरीत गाडीच्या आजाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वाहन विभाग सांभाळत होते. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, सगळं माझ्याकडे. पण ते साल दुष्काळाचं. शिवारात उसाचं टिपरू नव्हतं, त्यामुळे हंगाम सुरूच झाला नाही. वर्कशॉपातली माणसं हजेरी लावायची आणि पत्ते कुटायची. लग्नसराई आली, तर घरासमोर मांडव घालून वऱ्हाडाला पाणी पाजणार कुठून, हा घरोघरी प्रश्न. म्हणून आबांनी कारखान्याच्या मैदानावर सभासदांच्या लेकीबाळींचं सामुदायिक लग्न ठरवलं. पाण्याचा टँकर एकच लागेल, हा हिशोब. आणि वरातीला रशीदभाईंची गाडी. गेटपाशी चालली होती ती तिचीच तालीम.

ती गाडी अमेरिकन, त्यांच्या वडिलांनी एका जुन्या जहागीरदाराच्या वारसाकडून घेतलेली. लांबी आमच्या ट्रॉलीएवढी. वरचं कापडी छत मागे दुमडता येतं, म्हणून पंचक्रोशीत तिला 'बिनटपाची' म्हणत. नवरानवरी मागच्या सीटच्या पाठीवर बसायची, पुढे बँड वाजायचा. पण आदल्या सराईत ती भर रस्त्यात उकळली आणि नवरदेव पायी मांडवात गेला. बँडच्या धंद्यात बुकिंगला सुपारी म्हणतात. त्या दिवसापासून बिनटपाचीला एकही सुपारी आली नव्हती.

पुण्याचा एक हौशी माणूस ती घ्यायला टपून बसला होता. त्याची अट एकच. गाडी कंपनीतून निघाली तशीच पाहिजे, आत काही बदललेलं नको.

'या वरातीत चालली तर ठेवीन,' रशीदभाई म्हणाले, 'न्हाईतर देऊन टाकीन. मग आमचा बँड म्हंजे नुसता बँड. तसले गावोगाव हायत.' हे बोलताना ते गाडीच्या दारावरची धूळ बाहीने पुसत होते. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

'मॅडम करतील,' आबांनी परस्पर सांगून टाकलं. 'आन् हे बघा, गाडीत सगळ्या जोड्या पाळीपाळीनं बसतील. थोडं न्यायचं, उतरवायचं, दुसरी जोडी घ्यायची.'

'आबा, म्हणजे ती चालण्यापेक्षा उभीच जास्त राहणार.'

'सहकार हाय मॅडम. सगळ्यास्नी सारखं.'

आता हा प्रश्न जरा समजून घ्या, कारण मला तो फार गमतीचा वाटला. आयुष्यभर माझ्याकडे लोक गाडी जोरात पळावी म्हणून आले. हळू चालावी म्हणून आलेला हा पहिला माणूस. इंजिनात फिरणारं पाणी तापतं, ते पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, वाऱ्याने गार होतं. गाडी पळत असली की वारा आपोआप येतो. उभी असली की सगळा भार पंख्यावर. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. अमेरिकेतल्या ज्या इंजिनिअरने ही गाडी काढली, त्याच्या डोक्यात लांबच लांब रस्ते असणार. हलगीवर नाचणारा नवरदेवाचा मामा त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

उपाय सोपा दिसत होता. विजेवर चालणारा वेगळा पंखा बसवायचा. पण गाडीची वीज सहा व्होल्टची आणि बाजारात मिळणारे सगळे पंखे बारा व्होल्टचे. म्हणजे बॅटरी बदलायची, बल्ब बदलायचे, कॉइल बदलायची. शिवाय तिचा डायनॅमो इंजिन हळू असताना वीजच करत नाही. त्याच्या जागी हळू इंजिनावरही वीज करणारा जीपचा अल्टरनेटर बसवायचा. म्हणजे मुळातली बरीचशी गाडी गेली.

मी रशीदभाईंना बाजूला घेतलं. 'एकदा मी स्पॅनर लावला की पुण्याचा माणूस हिच्याकडे ढुंकून बघणार नाही. आणि चालेलच अशी खात्री मी देत नाही.'

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. 'तुमाला काय वाटतंय?'

'मला करून बघावंसं वाटतंय.'

'मग काहून इचारता? लावा स्पॅनर.'

मी त्यांच्या जागी असते तर इतकं पटकन म्हटलं नसतं.

पत्ते बाजूला पडले. काम मिळालं म्हणून वर्कशॉप इतकं खूश झालं की गाडीभोवती उभं राहायला जागा उरेना. पंखा एका मोडीतल्या छोट्या व्हॅनचा मिळाला. इंजिनात पाणी फिरवणारा पंप मात्र गळत होता आणि त्याचं सील, म्हणजे गळती अडवणारी कडी, देशात कुठे मिळेना. अमेरिकेतून मागवलं तर लग्नातल्या जोड्यांना पोरं झाल्यावर आलं असतं. मी पंपाच्या दांड्याचं माप घेतलं आणि धारूरच्या बाजारात शेतीचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. विहिरी आटल्यामुळे लोकांनी मोटारी काढून त्याच्याकडे आणून टाकल्या होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

'गिऱ्हाईक सोडून सगळं हाय बघा,' दुकानदार म्हणाला. ढिगातून त्याने चार-पाच सीलं काढून दिली. त्यातलं एक चपखल बसलं. कुणाच्या तरी कोरड्या विहिरीचं सील त्या अमेरिकन इंजिनात गेलं, याचा आनंद मानावा की दुःख, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

सगळं जोडून आम्ही गाडी चालू केली. पंखा असा फिरला की समोर उभ्या असलेल्याची टोपी उडाली. टाळ्या झाल्या. जरा वेळ गेला आणि पुन्हा वाफ.

रशीदभाई शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचा परतीचा रस्ता मी बंद केला होता आणि गाडी तर तशीच मरत होती.

मग मी रेडिएटरला हात लावला. त्याची जाळी रशीदभाईंनी वर्षापूर्वीच नवी घातली होती, म्हणजे ती तुंबलेली नव्हती. हात लावला आणि ठेवता आला! इंजिन उकळतंय आणि रेडिएटर नुसता कोमट. म्हणजे दोष गार करण्यात नव्हताच. इंजिनातलं थोडंसं पाणी जागच्या जागी उकळत होतं, बाकीच्या पाण्यापर्यंत उष्णता पोचतच नव्हती.

हे लक्षण मोटार दुरुस्त करणाऱ्यापेक्षा साखर करणाऱ्याला लवकर कळतं. कारखान्यात उसाचा रस नळ्यांच्या भल्यामोठ्या भांड्यात, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, वाफेवर आटवतात. हंगामात मधूनच रस उकळायचा मंदावतो. वाफ भरपूर, रस मात्र थंड. मग भांडं उघडतात, तर नळ्यांना आतून क्षाराचा थर. त्याला आम्ही स्केल म्हणतो. धातू आणि रस यांच्या मधे जणू गोधडीच.

इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या वाटीसारखी झाकणं असतात. मी त्यातलं एक ठोकून काढलं. आत पाणी दिसायला हवं होतं. दिसला पिवळट पांढरा दगड. स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर खुपसेना.

'रशीदभाई, हिच्यात पाणी कुठलं घालता?'

'जिथं थांबली तिथलं. बोअरचंच की. दुसरं कुठलं मिळतंय?'

आमच्याकडच्या खोल बोअरचं पाणी इतकं जड असतं की त्यात डाळ शिजत नाही. ते हिला वर्षानुवर्षं मिळत होतं. तापली की बोअरचं पाणी, त्याने आत थर, थराने आणखी तापणार, की पुन्हा बोअरचं पाणी. ज्याला सगळे औषध म्हणत होते तोच आजार होता. मला भीतीच्या जागी एकदम हसू आलं. सापडलं होतं!

लॅबचे चीफ केमिस्ट देशपांडे साहेब स्वतःहून बघायला आले. झाकणातून वाकून बघत म्हणाले, 'अहो, ही तर आपली इव्हॅपोरेटरची नळी!' हंगाम नसल्यामुळे तेही कंटाळलेले होते. त्यांनी बेताचं सौम्य ॲसिड तयार केलं. आम्ही ते इंजिनात भरायचं, थांबायचं, काढायचं, तारेच्या ब्रशने खरवडायचं आणि पुन्हा भरायचं. भांडी घासायची तीच रीत, फक्त भांडं अमेरिकन. निघालेला चुना घमेल्यांनी टाकला. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर भरलं. त्यात क्षार नसतात.

'आता हिला दुसरं पाणी घालायचं नाही,' मी बजावलं. 'तहान लागली तर माझ्याकडे यायचं.'

चाचणी ऊस उतरवतात त्या रिकाम्या केन यार्डात घेतली. हंगामात तिथे बैलगाड्यांची रीघ असते, त्या वर्षी नुसती धूळ. रशीदभाईंनी सगळा बँड बोलावला, कारण बँडच्या चालीने चालवली तरच ती खरी चाचणी. नवरा नाही, नवरी नाही, मांडव नाही, आणि ढोल-ताशा दणाणतोय. वर्कशॉपवाले आधी लाजले, मग नाचायला लागले. देशपांडे साहेब थर्मामीटर घेऊन गाडीबरोबर चालत होते आणि हळूच पायाने ताल धरत होते. गाडीचा तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला.

लग्नं सकाळी लागली. दुपार कलायच्या आतच वरात निघाली. जोड्या चढत होत्या, उतरत होत्या. मी गाडीच्या मागे चालत होते. अर्ध्या वाटेत समोरून वस्तीचा टँकर आला आणि वरातीतली निम्मी माणसं तिकडे पळाली. रस्ता बंद झाला. गाडीतली नवरी शालू सावरत उभी राहिली आणि ओरडली, 'आये, आपला नंबर धर!'

रशीदभाईंनी मागे वळून विचारलं, 'बंद करू का?'

'नको. बंद केलं की पंपही थांबतो. असू दे.'

असू दे म्हणाले खरी, पण पुढे होऊन मी काट्यावर नजर लावली. ऊन, गर्दी, उभी गाडी. काटा मध्याच्या पुढे सरकला. पंखा घरघरत होता. काटा अजून थोडा सरकला. मग थांबला, आणि तिथून हलला नाही.

तेवढ्यात टँकरजवळून एक म्हातारी भरलेली घागर कमरेवर घेऊन गाडीपाशी आली. आदल्या सराईतला तमाशा तिने बघितला असणार. घागर पुढे करून म्हणाली, 'बाबा, हिला आदी पाज. नवरानवरी खोळंबलीत.'

दिवसभरासाठी तिला मिळालेलं पाणी ते. रशीदभाईंनी गाडीतून खाली उतरून घागरीला हात लावला आणि हळूच तिच्याकडे वळवली.

'न्हाई मावशी, घरी न्या. ही आता पानी मागत न्हाई.'

'मंग बरं हाय,' म्हातारी म्हणाली आणि चालू लागली. रशीदभाईंचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

वरात वेशीपर्यंत पोचली. त्याच संध्याकाळी मांडवात त्यांना दोन सुपाऱ्या मिळाल्या. पुण्याचा माणूस पुढे एकदा येऊन गेला. बॉनेट उघडलं, व्हॅनचा पंखा बघितला आणि बॉनेट लावून चहा पिऊन गेला.

माझ्याकडे आजही कुणी तापलेली गाडी घेऊन आलं की मी पंखा नंतर बघते. आधी विचारते, हिला आजवर पाजलं काय?