एकाच कार्डावरचं लग्न

लग्न ठरलं म्हणून कुणी श्रीवर्धनला माझ्या दुकानात आलं, की दोन प्रश्न ठरलेले. अल्बमची पानं किती, आणि कार्ड किती जीबीचं. कार्ड कुणाच्या ताब्यात राहणार, हे मात्र मीच आधी विचारून घेतो. तळ्याकडच्या त्या लग्नापासून.

माझी पद्धत लहान कार्डांची. हळदीचं वेगळं, विधींचं वेगळं, पंगतींचं वेगळं. एखादं कार्ड कधीतरी दगा देतंच. पण मग सगळं लग्न बुडत नाही. त्या लग्नात नवऱ्याच्या थोरल्या भावाला हे पटेना. त्यांच्या कुठल्याशा नातेवाइकाचे फोटो एका फोटोग्राफरनं महिनोन्महिने रखडवले होते, आणि त्याचा राग माझ्यावर निघत होता.

"सगळं एकाच मोठ्या कार्डावर घ्या," तो म्हणाला, "आणि लग्न लागलं की कार्ड आमच्या हातात. अल्बमच्या टायमाला देतो परत."

निदान कॉपी करून घेतो, म्हणालो.

"म्हंजे आमच्यावर इश्वास न्हाय?"

अविश्वास त्याचा, आणि अपमानही त्याचाच! नवं मोठं कार्ड आणलं. चांगल्यातलं आणलं.

नवरीचे वडील आजारी होते. खुर्चीत बसूनच त्यांनी कन्यादान केलं. मुलीचा हात जावयाच्या हातात देताना ते असे काही हसले, की दुखणं कुठल्या कुठे गेलं, आणि नेमका तो फोटो मला मिळाला. असा एखादा फोटो मिळतो म्हणून तर या धंद्यात टिकलोय. निघताना कार्ड काढून थोरल्याच्या तळहातावर ठेवलं.

आठवड्यानं त्याचा फोन आला. हसत हसत सांगत होता. "अवो, तुमचं कार्ड मोबाइलला जोडलं तर मोबाइल कायतरी इचारत व्हता. मी ओके दाबलं. आता फोटो दिसत न्हायत."

जुन्या मोबाइलला मोठं कार्ड बऱ्याचदा वाचता येत नाही. मग तो कार्ड पुसून कोरं करू का, असं विचारतो. नुसतं पुसलं असतं तरी मी बरंच काही परत काढलं असतं. पण यानं कोऱ्या कार्डावर हरिहरेश्वरच्या सहलीचे व्हिडिओ भरून ठेवले होते. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणे. कार्ड मागवून कॉम्प्युटरवर उघडलं, तर थोरले उंटावर बसून समुद्रकाठानं हिंडतायत. सगळ्या लग्नावरून उंट चालवला होता त्यानं. पुष्कळ खटपट केली तेव्हा थोड्या फोटोंच्या वरच्या पट्ट्या निघाल्या. कन्यादानाच्या फोटोत मांडवाची झालर होती, वडिलांच्या टोपीचं टोक होतं, आणि खाली सगळं राखाडी.

नव्या सुनेला कुणी काही सांगितलं नाही. तिनं विचारलं की अल्बम बनतोय, हे उत्तर. मग तिचे वडील गेले.

फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून ती दुकानात आली. सोबत हाच थोरला दीर. माहेरी वडिलांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते कुणीतरी परकेच दिसत होते. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये नवरा-नवरी तेवढी होती. मी तिला ते टोपीचं टोक दाखवलं. ती बघत राहिली.

"कार्ड खराब व्हतं का, दादा?"

दीर तिच्या मागे उभा, नजर काउंटरच्या काचेवर. आता तरी बोलेल म्हणून मी थांबलो. डोक्यात तिडीक गेली होती, खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण संध्याकाळच्या एसटीनं ती त्याच घरी परत जाणार होती, आणि ह्याच माणसाच्या ताटात जन्मभर वाढणार होती.

"हो ताई," मी म्हणालो. "कार्डच खराब निघालं."

"हलकी कार्डं वापरतात ही मान्सं," दीर म्हणाला.

ती रडली नाही. "तुमचं कधी भलं व्हनार न्हाय," एवढंच मला म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

दीर मागे रेंगाळला. माफी मागेल असं मला वाटलं, मीही मूर्खच. काउंटरवर वाकून तो हळूच म्हणाला, "त्या कार्डावरचे माझे उंटाचे व्हिडिओ तेवढे जपून काढून द्या. मोबाइलमधून गेलेत."

दिले काढून. सगळे नीट होते. एकही खराब झाला नव्हता.