आजीला शाळेत नेलं तेव्हा

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत आमच्या सामानापेक्षा आईनं दिलेलंच जास्त होतं. तांदळाचं पोतं, वाल, सुकट, दोन भोपळे, आणि एक केरसुणी, कारण भिवंडीत केरसुणी मिळत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अकलोलीहून भिवंडीतलं टेमघर म्हणजे काही परदेश नाही. पण आई अशी उभी होती की जणू मी विमानात बसतेय. "तिकडं जाऊन मिजास करू नको, आणि उपाशी राहू नको," एवढंच म्हणाली. उपाशी राहिले नाही. मिजास मात्र केली, तेच सांगायला बसलेय. गावाकडच्यांनो, तुम्ही हसा. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुम्ही जरा जपून हसा, तुम्हीही हेच केलं असणार.

नवरा निलेश अंजूरच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट सांभाळतो, मी तिथंच पॅकिंगला. गावात आम्हाला एक बोली पुरायची. इथं शेजारच्या लूमवाल्यांशी, म्हणजे यंत्रमागावरच्या लोकांशी, हिंदी, साहेबांशी मोडकंतोडकं इंग्रजी, आणि आपसात टीव्हीवरच्यासारखं मराठी. आपलं गावाकडचं हाय-न्हाय मी पहिल्याच महिन्यात टाकलं. पॅकिंगच्या लाइनवर एकीनं माझी नक्कल केली, बाकीच्या खिदळल्या, झालं. कुणी टाक म्हटलं नव्हतं, माझी मीच लाजले.

लेक स्वरा दीड वर्षाची झाली तेव्हा तिला सांभाळायला आई आली. गावातली कोंबडी-बकरी भावाच्या गळ्यात टाकून आली. दिवसभर दोघींची अखंड बडबड चालायची. आम्ही ड्युटीवरून आलो की दोघी दमून बसलेल्या असायच्या, आणि दमल्या होत्या त्या बोलून बोलून.

स्वरा तीनची झाली आणि आमच्या डोक्यात शाळा शिरली. पहिल्यांदा एक पूर्ण इंग्रजीवाली पाहिली. काचेचा दरवाजा, भिंतीवर जिराफ. तिथल्या मॅडम म्हणाल्या की घरीसुद्धा इंग्रजीतच बोलायचं. परत येताना मी आणि निलेश रिक्षात टेमघरपर्यंत गप्प. सुरुवात कुणी करायची हाच प्रश्न होता. उतरल्यावर निलेश म्हणाला की या शाळेत पोरगी शिकेल, पण आपण मुके होऊ.

मग मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकवणारी एक छोटी बालवाडी सापडली. मला एकदम पटली. इथपर्यंत माझी अक्कल जागेवर होती. पुढं ती चरायला गेली. मला वाटलं, शाळेत मराठी आहे, म्हणजे ते चांगलंच मराठी लागणार. मी आईला बसवून सांगितलं की आता स्वराशी आपल्या बोलीत बोलायचं नाही, नीट बोलायचं, नाहीतर अ‍ॅडमिशन जाईल. आई नुसतं बरं म्हणाली.

आईला ते नीट बोलणं जमेना. एक वाक्य जुळवायला तिला इतका वेळ लागायचा की तोवर स्वरा उठून कार्टून लावायची. घर कसं शांत शांत झालं. मला आधी ते बरंसुद्धा वाटलं, आता लिहिताना माझी मलाच चीड येते. दोन आठवड्यांनी आई म्हणाली की पोरीची शाळा सुरू झाली की मी गावाला जाते, इथं माझं आता काय काम. मी म्हटलं, बघू.

त्या बालवाडीची एक रीत होती. अ‍ॅडमिशनआधी मुलाबरोबर घरातलं जे माणूस सगळ्यांत जास्त बोलतं त्यानं यायचं, अर्धा तास नुसतं बसायचं. आम्ही काय केलं, निलेशला नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून, इंग्रजीतली चार वाक्यं पाठ करून तो ताठ बसला. स्वरा त्याच्याकडं पाहुण्याकडं बघावं तशी बघत राहिली. बाप आठवडाभर रात्रपाळीला, ती जागी असते तेव्हा तो घोरतो. अर्धा तास पोरीनं तोंड उघडलं नाही. शेवटी बालवाडीच्या बाईंनी तिला विचारलं की घरी तू कुणाशी बोलतेस? स्वरा म्हणाली, आजीशी. बाईंनी आमच्याकडं पाहिलं आणि उद्या आजींना घेऊन या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आई नवं लुगडं नेसून निघाली. हातात पिशवी, पिशवीत भावानं गावाहून पाठवलेल्या वालाच्या शेंगा. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, मग ती शाळा का असेना. मी लाजेनं अर्धी झाले. बाईंनी पिशवी घेतली, त्यांनाही काय करावं कळेना, सतरंजीवर मधोमध ठेवली. आई तोंड घट्ट मिटून बसली. मीच वाटेत दहादा सांगितलं होतं, जपून बोल.

पण हात कसे गप्प बसणार? तिनं एक शेंग उचलली, सोलली. मग दुसरी. स्वरा तिच्या गुडघ्याला येऊन टेकली आणि म्हणाली, "आजी, ही किडकी हाय. ही न्हाय घ्यायची."

आणि मग पोरगी जी सुटली! मामाच्या वाडीतला वाल, बकरीनं कुंपण कसं तोडलं, मामा कसा धावला, सगळं. दोन आठवड्यांचं तुंबलेलं. शेजारच्या लूमवाल्यांची सना त्याच बालवाडीत होती, ती ये क्या है विचारायला आली, तर स्वरानं तिला हिंदीत शेंग सोलायला शिकवलं. बाई दाणे इंग्रजीत मोजायला लागल्या, ही त्यांच्याबरोबर सहापर्यंत गेली आणि नंतर मनानंच आकडे लावत सुटली. मी भिंतीला टेकून बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही.

बाई म्हणाल्या, "आजी, आठवड्यातून एक दिवस याल का? मुलांना असं बोलणारं माणूस हवंय."

आईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मला जिनं बोलायला शिकवलं ती बोलायला माझी परवानगी मागत होती. आजवर कुणी मारलेलं मला इतकं लागलं नाही.

रिक्षाच्या वाटेवर ती म्हणाली की पोरीच्या शाळेचं काम झालं, रविवारी मला गाडीत बसवून दे. मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडात जडच झाले होते, पण आले.

"जाऊ नको गं आई. तू न्हाय तं घर घर न्हाय."

ती थांबली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आता कशी माणसात आलीस, बाय."

आता आई दर बुधवारी शाळेत जाते. भाताच्या लावणीला गावाला जाते, आटोपलं की परत येते, आणि आली की मुलांना काय काय येईनासं झालंय यावरून बाईंनाच बोलते. स्वरा चार बोली एका वाक्यात कालवते, निलेश म्हणतो पोरगी भिवंडीची आहे. तुम्ही मला विचारता, तुझं घर आता कुठलं, गाव की टेमघर? खरं सांगू, जागेचं मला आता एवढं काही वाटत नाही. आईला तोंड उघडायच्या आधी माझ्याकडं बघावं लागत नाही, ते माझं घर.